अर्धा लिटर

सकाळी इंजिन थंड असताना पट्टी ओढायची,
फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत ओढायची.
बावीस वर्षं हेच केलं,
दात नंतर घासले.

वरची रेघ, खालची रेघ.
त्यांच्यातलं बोटभर अंतर ही माझी झोप.

दिवाळीनंतर ते अंतर आटू लागलं.
वणी, करंजी, हिंगणघाट,
जाताना सरकी, येताना ढेप.
गिरणीत तेल पोचवणारी गाडी
आणि तिच्या पोटातलं तेल
हजार किलोमीटरला अर्धा लिटर कमी.
बदलायला अजून बारा हजार बाकी.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला, टीव्हीच्या खोक्याचा.
सकाळी त्यावर एक कुत्रं झोपलं होतं.
कुत्र्याला उठवलं. पुठ्ठा कोरडा ठणठणीत.
मागून येणाऱ्या गाडीवाल्याला विचारलं,
धूर निळा दिसते का?
"धूरच दिसत नाई बाप्पा, धूळच इतकी."
रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी पाण्यासारखं.

हबीब मिस्त्रीनं चेंबरखाली बॅटरी मारली,
नटाला बोट लावून बोट हुंगलं,
टर्बोचा पाइप काढून आत करंगळी फिरवली.
"सील बी चांगले, रिंगा बी चांगल्या.
पिऊन रायली असंन थोडंथोडं,
म्हाताऱ्या मान्सावानी. घरच्याईले दिसू न देता."
पैसे घेतले नाहीत.
त्यानंच जास्त धास्ती बसली.

वही केली मग.
चौदा तारीख, मारेगाव, एक बोट कमी.
एकोणीस, करंजी, अर्धा टाकलं.
सव्वीस, परत तेच.
वहीत सगळं होतं, कुठं जातं तेवढं सोडून.

आणि सव्वीसच्याच रात्री, धाब्यामागे,
झोपलेल्या दौलतचे हात मी हुंगले.

दौलत टेकाम, झरीकडचा,
सव्वा वर्ष माझा क्लीनर.
तेलाचा डबा तोच सांभाळायचा.
त्याच्या भावानं जुनी मोटरसायकल घेतली होती.
एवढं मला पुरलं.

डिझेलचा वास आला, बिडीचा, सरकीचा,
आणि तेलाचा.
क्लीनरच्या हाताला तेलाचा वास येणारच,
हे मला उजाडल्यावर सुचलं.
रात्री फक्त एवढं कळलं
की त्याचे डोळे मिटलेले आहेत
आणि श्वास चालत नाहीये.

सकाळी त्यानं पट्टी ओढली, पुसली,
दोन्ही हातांवर आडवी धरून मला दाखवली.
"पाहून घ्या."
वणीच्या नाक्यावर पिशवी घेऊन उतरला.
मावशीकडं लग्न आहे म्हणाला.
पौष चालू होता.

डब्याला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला.
तेल तसंच उतरत राहिलं,
हजाराला अर्धा लिटर,
त्याच्या जाण्याचा एक थेंबही फरक नाही.

त्याचे अकरा दिवसांचे पैसे
काचेवरच्या पट्ट्यात खोचून ठेवलेत.
झरीच्या फाट्यावर दोनदा गाडी हळू केली.
इतका माल घेऊन त्या रस्त्यात वळता येत नाही,
असं स्वतःला सांगितलं.
दुसऱ्यांदा गाडी रिकामी होती.

परवा तेल बदललं. हबीबनं जुनं मापून पाहिलं,
मान हलवली, नवं ओतलं.
मी आता विचारत नाही.

पट्टीच्या कडीला पिवळी सुतळी बांधलेली आहे,
अंधारात हाताला लागावी म्हणून दौलतनं बांधलेली.
गाठ त्याची. बारीक, दुहेरी.
तेलानं काळी पडली आहे आता,
पण हात रोज आधी तिथंच जातो.