किमान उंची

अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर मी आहे.
'सहवैमानिकाने उंचीबाबत शंका व्यक्त केली.'
एवढंच. पूर्णविराम त्यांनी दिलेला.
मी बोललो होतो ते असं :
'सर, आपण जरा खाली आहोत का?'

जरा.
आहोत का.

काटा समोर होता, दोनशे ऐंशी फूट कमी.
काट्याला 'का' नसतो.
तो मी लावला,
वडीलधाऱ्यांपुढे चहाचा कप ठेवताना
कान त्यांच्याकडे वळवतात, तसा.

कॅप्टन खोपकर वाईट वैमानिक नव्हते.
चौकशीत मी हे तीनदा सांगितलं
आणि तिन्ही वेळा ते खरं होतं.
सडा त्यांना करवंदीच्या जाळ्यांसकट पाठ.
किमान उंचीवर पट्टी दिसली नाही तर नाक वर,
हेही पाठ; मला त्यांनीच शिकवलेलं.
त्या दिवशी म्हणाले, ढगाखाली असेलच की,
पट्टी जाते कुठे?

पट्टी कुठेच गेली नाही.
आम्हीच अलीकडे उतरलो, कातळावर.
मागे देवगडचा एक ओव्हरसियर होता,
पिशवीत मुलीच्या सायकलसाठी घंटी.
ती एकदा वाजली.
रेकॉर्डरवर आहे.

आमच्याकडे चार माडांच्या वाटणीसाठी
तीन पिढ्या कोर्टात जातात.
मी माझा वाटा मागायला गेलो
तर साहेब म्हणाले, सगळं कॅप्टनच्या नावावर चढलंय,
तुम्ही सुटलात.
मेलेल्या माणसाच्या नावचा सातबारा
घडी घालून मी घरी आणला.

मिरकरवाड्यात दाऊद सोलकर जाळं शिवत असतात.
एकदा आपणहून म्हणाले,
'आगोटीच्या तोंडावर वारा फिरला.
पोरगा नवा, मिसरूड नाय फुटलेली,
म्हणतो, तांडेल, परत.
विचारलान नाय. सांगितलान.
मी आयमायवरून शिव्या घातल्या
नि होडी फिरवली.
डिझेल फुकट, बंदरभर हसले.'
मग?
'मग काय? रात्री जेवलो.
परत आलेल्या होडीची गोष्ट नसते.'
आणि सुतळी दातानं तोडली.

संध्याकाळी मी भाट्याच्या पुलावर जातो.
खाडीचं पाणी उतरत असतं, वाळूचा दांडा उघडा पडतो.
कठड्याला धरून, मोठ्यानं, म्हणून बघतो :
खाली आहोत. वर घ्या.
चार शब्द.
दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत.

मागून कुणी सायकलवाला घंटी देतो.
मी बाजूला होतो.
लगेच.