भट्टीघरातलं पाणी

स्पिटलफील्ड्स, लंडन. १६४२चा हिवाळा.

ओबडाया, तू तरुण आहेस, तुझा आवाज मोठा आहे.
म्हणतोस, बाप्तिस्मा म्हणजे बुडणं,
डोक्यावरून पाणी मिटलं पाहिजे
प्रेतावरून माती मिटते तसं;
ओंजळभर पाण्याचा तो खरा नव्हेच.
मग बस त्या स्टुलावर.
विस्तव जरा पुढे ओढ, आणि ऐक.

आम्ही ट्रेंट नदीकाठचे.
घरादारावर पाणी सोडून
एका रात्री कोळशाच्या नावेत बसलो.
जर्व्हेसच्या पाठीला मागाची फणी बांधलेली,
माझ्या पोटात सात महिन्यांची सिबिल.
गावात आम्हाला पाण्यात पाहायचे,
पण पाण्याचं आम्ही अजून काही ठरवलंच नव्हतं.

अ‍ॅमस्टरडॅम. तिथली भाषा
घशात अडकलेल्या काट्यासारखी.
जहाजांची बिस्किटं भाजायचं एक जुनं भट्टीघर
आम्हाला राहायला मिळालं.
कितीही झाडलं तरी फटींतून पीठ यायचं.
पोरं खेळून आली की म्हातारी दिसायची,
आणि आम्ही म्हातारे
प्रार्थनेला गुडघे टेकून उठलो की
गुडघ्यांवर दोन पांढरे चंद्र.

सिबिल अकरा दिवस जगली.
पलीकडच्या खोलीत पुरुष वाद घालत होते,
तान्ह्याला पाणी द्यावं की न द्यावं,
एका ग्रीक शब्दावर मेणबत्त्या जळत होत्या.
मी दोन बोटं ओली केली,
तिच्या कपाळापाशी नेली,
आणि थांबले.
हे मी जर्व्हेसला कधी सांगितलं नाही.
तिनं काय कबूल करायचं होतं, ओबडाया?
तिला अजून हसूसुद्धा येत नव्हतं.
बोटं माझ्या झग्याला पुसली.
शेजारची डच बाई म्हणाली, अरेरे, अशीच गेली?
मी म्हटलं, हो. जशी आली तशीच.

त्याच हिवाळ्यात ठरलं:
जो स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगेल त्यालाच पाणी.
पण पहिल्याला कुणी द्यायचं?
आमच्या लेखी खरं पाणी घेतलेला
अख्ख्या जगात एकही नव्हता.
तीन रात्री त्यात गेल्या.
शेवटी कसं झालं ते राहू दे,
लोक अजून त्यावर हसतात.

परात होती, कणीक मळायची.
माझी पाळी आली तेव्हा विचारलं,
तू विश्वास ठेवतेस?
आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं
आणि उत्तरासाठी थांबलं होतं.
मी हो म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.
पाणी ओतलं. गार, कालव्याचं, जरा शेवाळलेलं.
कपाळावर पीठ होतं, त्याची खळ झाली,
ती सुकून ताणत राहिली भुवयांवर.
दोन दिवस मी तोंड धुतलं नाही.

मग इकडे परत आलो, याच भिंतींबाहेर.
जर्व्हेस न्यूगेटमध्ये गेला
एवढंच म्हणाल्याबद्दल, की तुर्क असो, यहुदी असो,
देवाशी कसं बोलायचं ते राजानं शिकवू नये.
तिथल्या तापातच तो गेला.
त्याची फणी अजून त्या खुंटीला आहे, तू मघाशी
तिच्यावर टोपी अडकवलीस.

मी येईन गुरुवारी ली नदीवर.
पण काठावर उभी राहीन, घोंगड्या धरून;
भिजलेली माणसं बाहेर येतात तेव्हा
कुणीतरी कोरडं असावं लागतं.
तू म्हणतोस माझं झालंच नाही.
असेल. ते ज्याचं पाणी त्यानं जोखावं.
मी एकदा बोटं मागे घेतली
आणि एकदा मान पुढे केली,
एवढंच मला ठाऊक आहे.

आणि पहार आण आठवणीनं.
काठाशी बर्फ चार बोटं जाड आहे,
तुम्हा उपदेशकांच्या ते ध्यानात राहत नाही.