पंचेचाळीस टक्के

वूस्टरच्या चढावर एकावर एक तीन बिऱ्हाडं,
तीन लाकडी गॅलऱ्या, एकच तळघर.
तिथे काळ्या पाटीवर काचेचे फ्यूज,
आणि एका फ्यूजमागे कुणी कधीतरी सरकवलेलं
तांब्याचं एक सेंट.
मुख्य खटका पाडून मी ते चिमट्याने काढलं.
रोलंड थिबोडो म्हणाले, "आजोबांचंच काम,"
आणि नाणं पुसून खिशात टाकलं.

साठ अँपिअर. तिन्ही बिऱ्हाडांत मिळून साठ.

मालकांना दोनशे हवेत.
त्यांच्या मेव्हण्याने दोनशेच घेतले, अजून काही जळलं नाही.
मी उलट्या बादलीवर बसते. पेन्सिल काढते.
हजार चौरस फूट, फुटाला तीन: तीन हजार.
ओट्याची दोन सर्किटं, आणखी तीन.
कपड्यांचं मशीन दीड, ड्रायर पाच,
शेगडी दहा, बंब साडेचार,
हीट पंप पाच, कारण गॅस आता काढून टाकायचा आहे.
एका घराचे बत्तीस हजार.
तिघांचे शहाण्णव.

मग नियमावली म्हणते, तीन घरं असतील तर
फक्त पंचेचाळीस टक्के धरा.

शिकाऊ होते तेव्हा मास्तरांना विचारलं होतं,
उरलेले पंचावन्न जातात कुठे?
ते वायर सोलत म्हणाले, "शेजाऱ्यांकडे."

म्हणजे असं, की अफुआ रात्रपाळीहून येऊन
जाड पडदे ओढते, तेव्हा वरची जोसिआन
बेकरीत चौथा घाणा काढत असते.
तळमजल्यावरचे स्टॅनकुस अकराला बिटाचं सूप ठेवतात,
एकाला भांडं विसळून पालथं घालतात.
एकाच्या आंघोळीला दुसऱ्याची भाकरी आडवी येत नाही,
यावर या पुस्तकाचा एवढा विश्वास,
की त्याने तो दशांश चिन्हासकट छापलाय.

इचलकरंजीत बाबा जळक्या मोटारी गुंडाळायचे.
अंथरूण पाहून पाय पसर, हे त्यांचं पालुपद.
बाबा, इथे मी आधी पाय मोजते,
मग अंथरूण शिवते,
आणि धरून चालते की सगळे एकदम पाय ताणणार नाहीत.

त्रेचाळीस हजार दोनशे, भागिले दोनशे चाळीस.
एकशे ऐंशी.
थिबोडोंचा चेहरा खुलतो.
मग मी विचारते, अंगणात गाडीचा चार्जर लावणार होता ना?
त्याचे चाळीस.
वर जिन्यातले दिवे.
ते खिशातलं सेंट चाचपतात.
"चारशे," मी म्हणते, "आणि फ्यूजमागे काही सरकवायचं नाही."

राहिली एक गोष्ट, जी कुठल्याच रकान्यात वेगळी दिसत नाही.
स्टॅनकुसांच्या पलंगाशी प्राणवायूचं यंत्र,
तीनशे पन्नास वॅट, शेगडीपुढे चिल्लर.
पण जोडणीच्या दिवशी सकाळी सात ते चार
इमारतीत वीज शून्य,
आणि त्यांच्याकडचं सिलिंडर दोन तासांचं.

शेजारच्या घरात डोलोरेस.
दोघांचं अकरा हिवाळे बोलणं नाही.
बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेत
कुणी कुणाची खुर्ची हलवली, एवढंच कारण.
मी दार वाजवलं. तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.
स्वयंपाकघराची खिडकी वर करून
नारिंगी कॉर्डचं वेटोळं बाहेर फेकलं:
"त्याला सांग, फटीत टॉवेल कोंब. माझं घर गारठतंय."

दिवसभर मी खांबाखाली उभी,
हातात रेंच, बोटं बधिर,
आणि डोळा त्या नारिंगी रेघेवर.
पावणेचारला वीज कंपनीच्या माणसाने मीटर सील केले.
आत एकेक फ्रीज घुरघुरू लागला.

कोपर ते पंजा, कोपर ते पंजा,
कॉर्ड गुंडाळून परत द्यायला गेले.
डोलोरेस म्हणाली, "त्याच्याकडेच राहू दे.
प्लग इथे आहे, हे ठाऊक आहे आता त्याला."
आणि खिडकी खाली ओढली, जरा जोरातच.