उस्तादाचा डावा कान

परभणीत, कडबी मंडईच्या मागे,
मस्तान उस्तादाचं दुकान.
भिंतीवर परवाना, त्याची काच तडकलेली.
मी वनखात्याचं पत्र पुढे केलं:
रायफल, नग एक. नेम पक्का. आवाज कमी.
त्यानं उजवा कान टोकरला, डावा पुढे आणला.
"मोठ्यानं वाचा, बाई."

आवाज नको असलेल्या बंदुकीचं पत्र
मी ओरडून वाचलं.
समोर बैलगाडी सोडणारा माणूस
जू हातात धरून बघत राहिला.

उस्तादानं जाजमावर दोन आडव्या ठेवल्या.
"ही हुशार.
घोडा ओढला की आपणच उघडते,
टरफल फेकते, दुसरी घेते, मिटते.
तिच्या तोंडाला कितीही मोठा सायलेन्सर चढवा,
ही तुमच्या गालापाशी कूस उघडणार.
धूर डोळ्यात, लोखंडावर लोखंड.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना,
तोंड दाबलंय खरं,
बुक्क्या ऐकू येतातच की."

मग दुसरी. काळपट, दांडीचा गोळा घासून उजळलेला.
"ही अडाणी. हिला सगळं सांगावं लागतं.
दांडी उचला, मागं घ्या, पुढं लोटा, पाडा.
पण एकदा पाडली की
पेवावर फरशी बसवून माती लिंपावी, तशी बसते.
गोळी नळीत असताना आत काही हलत नाही,
म्हणून नेमाला सरळ.
तुम्ही हात लावीपर्यंत
हिच्या पोटातलं पोटात."

मी विचारलं, मग झालं?
"कुठं झालं? गोळी मंद घ्या.
आवाजाच्या पुढं पळणारी
वाटभर आसूड वाजवत जाते.
नळी तोंडाला असते, वाटेला नाही.
मंद गोळीला दम कमी, लवकर खाली येते.
मग काय करायचं?"
मला सुचेना.
"जवळ जायचं, बाई.
साठ पावलं. तिथून डोळा दिसतो.
ते जमणार असेल तर ही घ्या,
नसेल तर मोठा आवाज बरा."

दुधनेच्या अलीकडं जुन्या खदानीत
त्यानं दोन्ही उडवून दाखवल्या.
स्वतः मात्र बंदुकीकडं बघेचना,
बघत होता विजेच्या तारेवरचे होले.
हुशारीला सगळे उडाले.
अर्ध्या तासानं परत येऊन बसले.
अडाणीला
एकानं मान वळवली, पंख खाजवला.
"हे माझे कान," उस्ताद म्हणाला.
"माझा एक बत्तीस वर्षं पोलिसांच्या बंदुका तपासण्यात गेला.
दुसऱ्यात आता झाकणातल्या उकळीएवढं ऐकू येतं."

मार्चात वसमतकडं
ट्रकनं उडवलेला रोही,
मागचे दोन्ही पाय ओढत
हळदीच्या काढलेल्या रानात आलेला.
शेजारी आश्रमशाळा, दहावीचा गणिताचा पेपर.
डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर सही केली.

मी चालत गेले.
नव्वद. सत्तर. साठ मोजले,
आणि आणखी वीस, कारण माझा हात.
त्याचा डोळा दिसला.
उस्तादानं सांगितलं होतं तेवढाच मोठा नव्हता.

फट्, जशी ओली गोधडी दगडावर.
शाळेच्या खिडकीत कुणी बघितलं नाही.
बांधापलीकडच्या दोन रोह्यांनी
कान फिरवले, मग पुन्हा तुरीचे खुंट.
मी दांडीला हात लावला नाही.
त्या दोघी चरत चरत ओढ्यात उतरल्या,
तरी लावला नाही.

ऑफिसात देशपांडे बाबूंना
हिशेबाला रिकामं टरफल हवं होतं.
टेबलावर बंदूक आडवी धरून
मी दांडी उचलली, मागं ओढली.
टरफल फरशीवर पडलं, घरंगळत कपाटाखाली गेलं.

सगळ्या ऑफिसनं मान वर केली.