दुर्सून

झोंगुलडाकच्या खाणीत एकवीस वर्षं.
डावं फुप्फुस मागेच काढलेलं.
फोटोत त्या बाजूला नुसतं धुकं,
हृदय सरकून तिकडे जाऊन बसलंय,
रिकाम्या खोलीत पोटभाडेकरू शिरावा तसं.
आता उजव्यात, तळाशी, हेझलनटएवढी गाठ.

"एकावर भागतं हो," काल म्हणाला,
"जिन्यात मध्येच बसतो, बायको वरून ओरडते."
मग हळूच:
"तुम्ही त्याच्यावरच सुरी चालवणार.
तेवढा वेळ श्वास कोण घेणार?"

मी, असं बोलून गेले.
रात्रभर ते घशाशी होतं.

सकाळी नळी घातली,
दुर्बिणीतून बघत बघत
खालच्या फांदीच्या तोंडाशी फुगा बसवला.
तेवढा मजला बंद. वरच्या दोघांवर संसार.
एका श्वासाला दोनशे मिली,
कंबर बारीक असलेल्या आमच्या पेल्यांनी
दोन पेले चहा.
जास्त दिलं तर फुप्फुस फाटेल,
कमी दिलं तर माणूस हातचा जाईल.

तरीही हलतंच ते.
तुंजाय कात्री धरून खोळंबला.
"दुर," म्हणाला.
थांब.

मी यंत्र थांबवलं. भाता गप्प.
आकडा आधी ढिम्म,
साठवलेल्या प्राणवायूवर बसून राहतो.
अठ्ठ्याण्णव. शहाण्णव.
मग पायरी चुकल्यासारखा ब्याण्णव,
आणि प्रत्येक ठोक्याचा सूर खाली खाली.
हा सूर मला पाठमोरीही कळतो,
पलीकडच्या खोलीतून मुलाचा खोकला कळतो तसा.

सत्त्याऐंशी.
"एकच टाका राहिलाय, नुर्तेन."
"नाही."
"एकच."
"हात काढ."

पिशवी हाताने दाबली.
एक. दोन.
तिसऱ्याला सूर चढू लागला.
असं सात वेळा.

आधीची तीन बाळं राहिली नाहीत
म्हणून आईने याचं नाव ठेवलं दुर्सून.
थांबो. म्हणजे जाऊ नये, राहो इथेच.
तुंजाय तोच शब्द शेपूट तोडून
सात वेळा म्हणाला,
आणि मी सातही वेळा
तो अख्खा ऐकला.

संध्याकाळी नळी काढली.
बंदरातल्या बोटीचा भोंगा वाजत होता.
ओठ ओले करून त्याने मला न्याहाळलं,
दोन शब्दांमध्ये थांबत, थांबत विचारलं,
"दम लागला का हो
तुम्हाला?"