पुढे वाढ नाही

ग्रिम्स्बीच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर,
कानात हेडफोन, पायाखाली पेडल,
मी डॉक्टरांची पत्रं टाइप करते.
पेडल दाबलं की आवाज चालतो,
सोडलं की अर्ध्या शब्दावर लोंबकळतो.

आज अकराच्या आत तीनदा आला
तोच शब्द : ग्रोथ.

आधी जोना पिकरिंगसाठी, वय चौदा महिने.
त्याच्या लाल वहीत वाकड्या रेघांचा चढ आहे,
बाकीची बाळं चढून जातात,
जोनाचा ठिपका चार महिने
एकाच पायरीवर बसलाय, बूट न घालता.
खातो हो, खातो, म्हणते त्याची आई,
न विचारता.

मग क्लिफर्ड रॅगसाठी, वय एकाहत्तर.
आइसलंडच्या पाण्यात कॉडमागे जन्म गेला,
आता घशात काहीतरी.
डॉक्टर म्हणाले, ग्रोथ आहे.
तो म्हणाला, चला,
या गावात कुठेतरी आहे म्हणायची.
हे पत्रात नव्हतं. नर्सने सांगितलं.

तिसरी टेपवर नव्हती, खिडकीबाहेर होती :
गोदीपाशी फाटका फलक, ग्रोथ झोन,
अकरा वर्षं जुना.
आत एक क्रेन, मान वळवायची विसरलेली,
आणि काँक्रीटच्या भेगांतून
जांभळ्या तुऱ्यांची झुडपं, पुरुषभर उंच,
जी कुठल्याच अहवालात मोजत नाहीत.

शेजारच्या टेबलावर ग्लेनिस.
तिचा कीथ त्रेचाळीस वर्षांचा,
वरच्या खोलीत आगगाड्या जुळवतो.
डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं, विकास अटकला.
इंग्रजीत तो अटकत नाही, अटक होतो.
म्हणजे कुणी पोलीस आला, ती म्हणते,
आणि नवव्या वर्षी त्याला घेऊन गेला,
आणि जामिनाला कुणी गेलंच नाही.
खिडकीतल्या टोमॅटोची बगलफूट खुडत
ती पुढे बोलते, दुसरंच काहीतरी,
आणि मध्येच, जाता जाता :
त्याच वर्षी याच्या बापाची बोट आली नाही.

या भाषेत सगळंच वाढतं.
माणूस म्हातारा वाढतो, गप्प वाढतो,
चहा गार वाढतो,
आणि क्लिफर्ड, महिन्याला तीन किलोंनी उतरणारा,
तोही बारीकच वाढत जातो.

दुपारी माझ्या हातून ग्लेनिसचा मग पडला.
अगंबाई, वाढला, मी मराठीत.
काय म्हणालीस?
सांगितलं : आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते.
दिवा विझवत नाहीत, वाढवतात.
नारळही.
तिने खापऱ्या गोळा केल्या, कानाची वेगळी ठेवली,
खिडकीबाहेर गोदीकडे बघितलं.
मग तुमच्या भाषेत, ती म्हणाली,
आमचं गाव चांगलंच वाढलंय.

ऑक्टोबरात एका मंगळवारी
आवाज म्हणाला : पुढे वाढ नाही.
बोटं थांबली.
पत्राच्या सुरुवातीचं नाव मी ऐकलंच नव्हतं.
याच तीन शब्दांवर एका घरात बाटली उघडेल,
दुसऱ्यात कुणी लाल वही
उशीखाली सरकवेल.
पेडल. मागे. आणखी मागे.
आवाज उलटा किंचाळत गेला
आणि म्हणाला : रॅग.

चार वाजता तो स्वतःच आला, मफलर सैल,
कागदात गुंडाळलेले चिप्स, व्हिनेगरचा वास.
वाढ थांबली म्हणे, पोरींनो.
तीन बशा मांडल्या, चमचा नव्हता,
तो हातानेच घालू लागला.
वाढा, मी म्हटलं,
वाढा आणखी,
आणि त्याला ते कळलं असावं,
कारण त्याने माझ्या बशीत मूठभर जास्त टाकले.

टेपवर पुढचं पत्र जोनाचं आहे.
हात तेलकट आहेत, पुसायला हवेत.
पाय अजून पेडलवर ठेवलेला नाही.