उतार

मागचं चाक तेवढं पोत्यात गुंडाळून आणलं होतं
केएमटीच्या मागच्या सीटवर.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

दिलावर मणेरनं चाक हातात घेतलं,
हबाला नाक लावलं.
"रॉकेल पाजलंस?"
पाजलं. तीन रात्री.
"तरीबी हलायचं न्हाई हे."

फ्रीव्हील आट्यांवर बसतं
आणि दर पेडलगणिक आणखी थोडं आवळतं.
मला हे नवं नाही. उद्यमनगरात लेथवर उभी असते मी,
आटे पाडण्यावर माझं पोट आहे.
पण इथं एकतीस वर्षांचा एका माणसाचा पाय
त्या इंचभर लोखंडात आवळून बसलेला,
आणि सोडवायला आम्ही दोघं,
एक लांब नळी
आणि शेजारचा चहावाला.

नाही सुटलं.

मग मणेरनं वरच्या झाकणाला पंच लावला.
त्याचे आटे उलटे;
आवळायच्या दिशेनं हाणलं की सुटतं.
तिसऱ्या ठोक्याला फिरलं.
छर्रे ताटलीत सांडले, काळे, मोहरीएवढे,
दोनतीन गटारीकडं गेले, ते गेलेच.

आत दोन कुत्री.
खटक्यांना कुत्रीच म्हणतात इथं:
पाय मारला की दात रोवून धरतात,
थांबला की घसरतात, कटकट भुंकत.
त्यानं एक चिमट्यात धरून उजेडात नेलं.
"टोक कुठाय सांग."
टोक नव्हतं. चघळून टाकल्यासारखं गुळगुळीत.
"पाय मारून झिजतेत ते भायेरचे दात.
कुत्री झिजतेत पाय थांबल्यावर.
तुझा बा लई उतार उतरलाय, पोरी."

फुलेवाडी नाका ते उद्यमनगर.
रंकाळ्याकडेनं सगळी सपाटी,
कॅरिअरला पॅटर्नचं सागवान, हँडलला डबा.
पाय थांबवायला जागा कुठं होती?
आनंदा सुतार म्हणजे कानात भुसा,
बनियनला घामाचा नकाशा,
आणि रविवारीसुद्धा ओव्हरटाइम.

रविवारीसुद्धा.

ओव्हरटाइमचे पैसे आईच्या डब्यात कधी पडले नाहीत.
संध्याकाळी यायचा तेव्हा डोळे लाल.
आई पाणी द्यायच्या निमित्तानं तोंडाचा वास घ्यायची.
वास नसायचा.
एकदा खिशाला जांभळा डाग, तळाशी चेंगरलेली करवंदं.
मंडईत स्वस्त होती, म्हणाला.

मणेर ताटलीतले छर्रे बोटानं ढवळत बसला.
"पन्हाळ्यावरनं निघालं की वाघबीळ मागं पडस्तोवर
पाय मारावा लागत न्हाई," म्हणाला,
कुणाकडंच न बघता.
"ब्रेकची रबरं म्हयन्याला न्यायचा आनंदा.
मी इचारलं न्हाई कदी."

राहिलेला गाभा व्हाइसमध्ये धरला,
चाक आडवं, बसच्या स्टिअरिंगसारखं,
दोघांनी मिळून डावीकडं ओढलं.
तारा करकरल्या.
मग आतून काहीतरी सैल झालं एकदम,
आणि मी तोल जाऊन टायरींच्या ढिगावर.

हबाचे आटे शाबूत होते.
पितळी ब्रशनं घासले, गेज लावली:
इंचाला चोवीस. बसली.
नवं फ्रीव्हील मीच चढवलं.
ग्रीस लावून आधी थोडं उलटं फिरवायचं,
आटा आट्यात टक्कन उतरेपर्यंत,
मग सुलटं, नुसत्या बोटांनी.
जोर केला आणि आडवं चढलं तर हबच गेला.
पाना लागत नाही.
बाकीचं पायच आवळतात.

चाक गरकन फिरवलं. कटकटकटकट.
"तेल कमी घातलंय मुद्दाम," मणेर म्हणाला,
"आवाज ऱ्हाऊ दे.
कुठनं कुठं चालवनार?"
फुलेवाडी ते उद्यमनगर, म्हटलं.
त्यानं मान हलवली, हात पुसले,
एकशेऐंशी घेतले.

घरी येऊन पोतं झटकलं
तर तळाशी चार रबरं निघाली, ब्रेकची, नवी.
पैसे त्यानं धरले नव्हते.